पोलिसाला लागणारी स्पॅनिश

अमेरिकेतल्या मराठी घरात मुलानं किंवा मुलीनं ‘मी पोलिसांत जाणार’ म्हटलं की आईवडील आधी दचकतात, आणि मग विचारतात, तिथे तुझा निभाव लागेल का? हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे. 911 चे फोन घेणारी, तुरुंगात किंवा प्रोबेशन खात्यात नोकरी करणारी मराठी मंडळीही तो आपला समजू शकतात. निभाव लागण्यासाठी बरंच काही लागतं, त्यातली एकच गोष्ट इथे घेतो: स्पॅनिश. अमेरिकेत चार कोटींहून जास्त माणसं घरी स्पॅनिश बोलतात. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू जर्सी, न्यूयॉर्क ही जशी मराठी माणसांची राज्यं, तशी त्यांचीही. तिथे गस्तीवर निघालेल्या पोलिसाची या भाषेशी रोज गाठ पडते.

बहुतेकांनी हायस्कूलमध्ये दोन-तीन वर्षं स्पॅनिश घेतलेली असते. तिचा थोडा उपयोग होतो, पण ‘मला येते’ हा भ्रमही तिथूनच जडतो. शाळेतल्या धड्यात लोक एकमेकांना ग्रंथालयाचा रस्ता विचारतात. रात्री दोन वाजता भांडणाच्या कॉलवर दार उघडणारी बाई रडत, भराभर, अर्धी वाक्यं गिळत बोलते, आणि मागे टीव्ही चालू असतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं तेव्हा स्पॅनिशला सोप्या गटात धरतं. तरीही कामकाज निभावेल इतकी भाषा यायला पूर्णवेळ शिकून 24 ते 30 आठवडे लागतात असा त्यांचा हिशेब आहे. शिफ्ट आणि घर सांभाळून तेवढा वेळ कुणाकडे असतो? म्हणून माझं म्हणणं असं: अख्खी भाषा शिकायच्या मागे लागू नका. थोडीच शिका. पण ती झोपेतून उठवलं तरी बिनचूक तोंडात आली पाहिजे, आणि आपली स्पॅनिश नेमकी कुठे संपते हे तुम्हाला पक्कं माहीत असलं पाहिजे. यातला दुसरा भाग जास्त अवघड आहे.

सुरुवात उच्चारांपासून करा, कारण तिथे मराठी कामाला येते. स्पॅनिशचे क, त, प आपल्यासारखेच, त्यांत इंग्रजीसारखी हवा फुंकायची नाही. स्वर पाचच, आणि लिहिले तसेच म्हणायचे. अमेरिकेत वाढलेल्या मुलांची जीभ इंग्रजीकडे झुकलेली असते. आजीशी बोलताना ती जो त आणि द लावतात तोच त्यांनी इथे लावावा. वाक्यरचनेतही ओळखीच्या खुणा भेटतात. कुठे दुखतंय हे सांगताना आपण ‘मला इथे दुखतंय’ म्हणतो, स्पॅनिशमध्येही ‘मे दुएले’, म्हणजे मलाच दुखतं. तू आणि तुम्ही हा भेद तर आपल्या अंगवळणीच पडलेला. तिथे तो ‘तू’ आणि ‘उस्तेद’ असा आहे. पोलिसानं लहान मूल सोडून सगळ्यांशी उस्तेदमध्येच बोलावं, समोरचा दारू प्यायलेला असो की बेड्या घातलेला. यात सभ्यता आहेच, शिवाय सोयही आहे: क्रियापदाचं एकच रूप पाठ करावं लागतं. एक खबरदारी मात्र घ्या. उस्तेदचं क्रियापद आणि ‘तो’ किंवा ‘ती’चं क्रियापद सारखंच असतं. ‘तिएने उन आर्मा?’ याचा अर्थ ‘तुमच्याकडे शस्त्र आहे का’ असा होतो, तसाच ‘त्याच्याकडे आहे का’ असाही. अशा वेळी ‘उस्तेद’ किंवा ‘एल’ हे सर्वनाम मुद्दाम लावा आणि हातानं खूणही करा.

पहिला गठ्ठा हुकमांचा. ‘पोलिसीआ! नो से मुएवा’ म्हणजे पोलीस, हलू नका. ‘मुएस्त्रेमे लास मानोस’, हात दाखवा. ‘सुएल्ते एल आर्मा’, शस्त्र खाली टाका. ‘आपागे एल मोतोर’, इंजिन बंद करा. ‘देसे ला बुएल्ता’, पाठ फिरवा. अशी पंधरा-वीस वाक्यं पुरतात. ती बसून पाठ करू नका. उभं राहून, पट्टा कमरेला बांधून, मोठ्या आवाजात, हातांच्या हालचालींसकट म्हणा, कारण ताणात डोकं रिकामं होतं आणि शरीराला जे ठाऊक असतं तेवढंच उरतं. आणि जोडीदाराशी आधीच ठरवून ठेवा की हुकूम एकानंच द्यायचे. एक जण इंग्रजीत ‘हलू नका’ ओरडतोय आणि दुसरा स्पॅनिशमध्ये ‘बाहेर या’ सांगतोय, अशा गोंधळात समोरच्यानं काहीही केलं तरी ते चूकच ठरतं.

त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. सप्टेंबर 2010 मध्ये लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक भागात एक ग्वाटेमालाचा मजूर पोलिसांच्या गोळीनं मेला. त्याच्या हातात चाकू होता आणि तो टाकायला आपण इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत सांगितलं, असं पोलिसांनी सांगितलं. नंतर चर्चा झाली ती ही की त्याची मायबोली किचे होती. ही माया कुळातली भाषा. स्पॅनिशशी तिचं काही नातं नाही. ग्वाटेमालातून आलेले बरेच लोक किचे, माम किंवा कान्होबाल बोलतात. मेक्सिकोच्या दक्षिणेकडचे मिश्तेक किंवा सापोतेक. दिसायला ‘लॅटिनो’ म्हणजे स्पॅनिश येणारच, हे गृहीत धरू नका. ‘आब्ला एस्पान्योल?’ हा प्रश्न आधी विचारा. आणि उत्तरादाखल नुसतं ‘सी, सी’ आलं तर त्यावर विसंबू नका. अडचणीत सापडलेला माणूस अदबीनं मान डोलावतो. आपल्याकडे खेडेगावचा म्हातारा साहेबासमोर ‘व्हय जी’ म्हणतो, त्याला सगळं कळलेलं असतंच असं थोडंच आहे?

दुसरा गठ्ठा प्रश्नांचा, आणि नवशिके हमखास अडकतात ते इथेच. प्रश्न विचारणं सोपं असतं. उत्तर कळत नाही. ‘के पासो?’, काय झालं, असं ऐटीत विचारलंत की समोरून तीन मिनिटांचा धबधबा येतो आणि तुम्ही नुसते बघत राहता. त्यापेक्षा प्रश्नच असे घडवा की उत्तर हो-नाही, आकडा, नाव किंवा बोट दाखवणं यांपलीकडे जाऊ नये. ‘एस्ता एरिदा?’ जखमी आहात का? ‘दोन्दे ले दुएले?’ कुठे दुखतंय? ‘आइ निन्योस एन ला कासा?’ घरात मुलं आहेत का? ‘दोन्दे एस्ता एल आओरा?’ तो आत्ता कुठे आहे? आणि यांच्या जोडीला तीन टेकू: ‘कोन्तेस्ते सी ओ नो’ म्हणजे हो किंवा नाही एवढंच सांगा, ‘सेन्याले कोन एल देदो’ म्हणजे बोटानं दाखवा, ‘एस्क्रीबालो आकी’ म्हणजे इथे लिहा. मेक्सिकन माणूस ‘मान्दे?’ म्हणाला तर त्याला तुमचं वाक्य ऐकू आलं नाही किंवा कळलं नाही एवढंच समजा, ‘काय म्हणालात?’ हे विचारायची ती त्यांची अदबीची रीत आहे.

आकडे आणि अक्षरं यांना कंटाळवाणं समजून कुणी वेळ देत नाही. पोलिसाचं निम्मं काम तिथेच असतं. ‘सेसेन्ता’ म्हणजे साठ, ‘सेतेन्ता’ सत्तर; ‘दोस’ दोन, ‘दोसे’ बारा. घरनंबर घेताना यांतला एक चुकला की अॅम्ब्युलन्स भलत्याच दारात. अक्षरांचा घोटाळा याहून वरचढ. स्पॅनिशमध्ये ‘ए’ म्हणजे इंग्रजीचं ‘ई’ अक्षर आणि ‘ई’ म्हणजे इंग्रजीचं ‘आय’ अक्षर. इनेस नावाची बाई आपलं नाव ‘ई, एने, ए, एसे’ असं सांगते. इंग्रजीला सरावलेला कान ते ‘ईनास’ लिहून मोकळा होतो, आणि मग संगणकात ती बाई सापडतच नाही. ‘आचे’, ‘खोता’, ‘खे’ ही एच, जे आणि जी या अक्षरांची नावंही तोंडपाठ हवीत.

नावांचं तर प्रकरणच आहे. होसे लुईस गार्सिया मार्तिनेस यात आडनावं दोन: गार्सिया वडिलांकडचं, मार्तिनेस आईकडचं. मुख्य आडनाव गार्सिया. अमेरिकी पोलीस सवयीनं शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात टाकतो. पुढच्या महिन्यात दुसरा पोलीस त्याच माणसाला गार्सिया म्हणून नोंदवतो. एका माणसाच्या दोन फायली तयार होतात, जुनं वॉरंट सापडत नाही, किंवा भलत्याच मार्तिनेसला पकडून ठेवलं जातं. मधल्या नावाच्या जागी वडिलांचं नाव लिहून आयुष्यभर परदेशी फॉर्मशी झगडणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ‘आपेयिदो देल पाद्रे’ आणि ‘आपेयिदो दे ला माद्रे’, वडिलांचं आणि आईचं आडनाव, असे दोन वेगळे प्रश्न विचारा. जन्मतारीखही तपासून घ्या: ते आपल्यासारखा आधी दिवस आणि मग महिना सांगतात, अमेरिकी फॉर्मला आधी महिना लागतो.

पुस्तकातले शब्द आणि रस्त्यावरचे शब्द यांत अंतर असतं. गाडीच्या विम्याला पुस्तक ‘सेगुरो’ म्हणतं, टेक्सास-कॅलिफोर्नियात लोक ‘आसेगुरान्सा’ म्हणतात. पिकअप ट्रकची ‘त्रोका’ झालेली असते. काही शब्द मात्र जिवाशी गाठ असलेले आहेत, ते कान उघडे ठेवून शिका. ‘कुएते’ म्हणजे मेक्सिकन बोलीत बंदूक, ‘फिलेरो’ म्हणजे चाकू, ‘कोर्रेले’ म्हणजे पळ, ‘किताले ला पिस्तोला’ म्हणजे त्याचं पिस्तूल काढून घे. एकानं दुसऱ्याला ‘आग्वास’ म्हटलं तर तो पाणी मागत नाहीये, ‘सांभाळ’ म्हणतोय. हे शब्द तुम्ही बोलायचे नाहीत, ओळखायचे आहेत. पोरं शिव्या आणि टपोरी शब्द आधी शिकतात आणि ते वापरून समोरच्याशी सलगी करू बघतात. असं करू नका. ते बॉडी कॅमेऱ्यात टिपलं जातं आणि कोर्टात वाजवलं जातं.

तक्रार ऐकताना इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून सावध राहा. ‘मोलेस्तार’ म्हणजे नुसता त्रास देणं. शेजारी ‘मोलेस्ता’ करतो म्हणणाऱ्या बाईचा लैंगिक छळ झालाय असं लिहून घेतलंत तर अनर्थ होईल. उलट ‘बियोलासिओन’ हा शब्द नियमभंगासाठी वापरतात तसाच बलात्कारासाठीही. कागदावर ‘उल्लंघन’ एवढंच उतरलं, तर एका बाईचं आयुष्य त्या शब्दाखाली दडपलं जातं. ‘आसाल्तो’ बहुतेक वेळा लूटमार असते, मारहाण नव्हे. शंका आली की तोच शब्द जसाच्या तसा टिपून ठेवा आणि दुभाष्यासाठी थांबा.

घरगुती हिंसेच्या कॉलवर भाषा थेट न्यायाच्या आड येते. नवरा बाहेर कामाला जातो, त्याला इंग्रजी येतं. बायको घरात, तिला येत नाही. पोलीस दारात आले की नवरा पुढे होऊन शांतपणे, नीट इंग्रजीत आपली बाजू मांडतो. बायको मागून किंचाळत असते, कारण तिचं कुणी ऐकतच नाहीये. अहवालात कोण समजूतदार आणि कोण आक्रस्ताळी दिसणार हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी दोघांना वेगळं करा, बाईला ‘एस्पेरे, यामो आ उन इन्तेर्प्रेते’, थांबा, मी दुभाषी बोलावतो, एवढं सांगा आणि तिचा जबाब दुभाष्यामार्फत पूर्ण घ्या. नवऱ्याला दुभाषी करायचं नाही हे उघडच. मुलांनाही करू नका. आठ वर्षांच्या पोराच्या तोंडून ‘बाबांनी आईला कुठे मारलं’ हे वदवून घेणं क्रूर आहे, आणि पुरावा म्हणूनही ते कच्चं.

आता थांबायची जागा. हुकूम, जीव वाचवणं, नाव-गाव, प्राथमिक चौकशी इथपर्यंत तुमची स्पॅनिश चालेल. झडतीची संमती, हक्कांची सूचना आणि संशयिताची चौकशी या तीन ठिकाणी, खात्यानं तुमची परीक्षा घेऊन प्रमाणित केलेलं नसेल तर, तोंड उघडू नका. कॅन्ससमध्ये हायवे पोलिसांनी एका चालकाला फोनवरच्या गूगल ट्रान्सलेटमधून गाडीची झडती घेऊ का असं विचारलं. अॅपनं ‘बुस्कार’ हे क्रियापद वापरलं. त्याचा अर्थ शोधणं. झडतीसाठी ‘रेखिस्त्रार’ लागतं. गाडीत अमली पदार्थ सापडले, पण चालकानं समजून-उमजून संमती दिली असं म्हणता येत नाही, असं ठरवून 2018 मध्ये संघीय न्यायाधीशानं तो पुरावाच बाद केला.

1966 च्या मिरांडा निकालानंतर चौकशीपूर्वी गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क समजावून सांगणं बंधनकारक आहे. ओरेगनमधल्या एका प्रकरणात पोलिसानं ‘मोफत वकील’ सांगताना ‘लिब्रे’ शब्द वापरला. तो मोकळा किंवा रिकामा असलेल्या माणसासाठी असतो, फुकटसाठी ‘ग्रातिस’. ऐकणाऱ्याला असं वाटू शकतं की एखादा वकील रिकामा असला तर मिळेल. 2013 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं ही सूचना अपुरी ठरवली. असे घोटाळे इतके झाले की 2016 मध्ये अमेरिकन बार असोसिएशननं देशभर एकच प्रमाण स्पॅनिश मसुदा असावा असा ठराव केला. काही ठिकाणी तर ‘सिलेन्सिओ’ (मौन) ऐवजी ‘सिलेन्तो’ असा अस्तित्वातच नसलेला शब्द म्हटला जात होता. म्हणून मिरांडा पाठ म्हणू नका. खात्यानं मंजूर केलेलं कार्ड काढून शब्दन् शब्द वाचा, आणि ‘कळलं का’ विचारण्यापेक्षा ‘तुमच्या शब्दांत सांगा’ असं म्हणा.

जबाबाच्या भाषांतरात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि ती मराठी माणसाला चटकन कळेल. ‘ती माझ्या हातून पडली’ आणि ‘मी तिला पाडलं’ यात केवढा फरक आहे! स्पॅनिशमध्येही ‘से मे कायो’ म्हणजे हातून पडलं, मुद्दाम नव्हे. इंग्रजीत मात्र दोन्हींचं एकच सरळ वाक्य होऊन बसतं आणि अपघात हा गुन्ह्याची कबुली वाटू लागतो. लुना फिलिपोविच या भाषाशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या पोलीस जबाबांच्या भाषांतरांत नेमका हा प्रश्न अभ्यासला आहे. तुम्ही अहवाल लिहाल तेव्हा महत्त्वाचं वाक्य आधी मूळ स्पॅनिशमध्ये उतरवा, मग इंग्रजीत. आणि भाषांतर कुणी केलं तेही लिहा. कोर्टात बचावाचा वकील ‘तुम्ही स्पॅनिश कुठे शिकलात?’ हा प्रश्न विचारणारच.

दुभाषी म्हणजे प्रत्येक वेळी प्रत्यक्ष माणूस यायला हवा असं नाही. लँग्वेज लाइन ही फोनवरची दुभाषी सेवा 1982 मध्ये सुरू करणाऱ्यांत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा एक पोलीसच होता. तिथल्या व्हिएतनामी निर्वासितांशी बोलता येईना, त्यातून ती निघाली. अशी सेवा वापरताना फोनकडे नाही, माणसाकडे बघून बोला, एका वेळी एकच वाक्य. ‘तिला विचारा की’ असं न म्हणता थेट तिलाच विचारा. ‘इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करावी’ हा 2000 सालचा अध्यक्षीय आदेश मार्च 2025 मध्ये मागे घेतला गेला आहे, पण 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण कायम आहे. शिवाय खात्यांचे आणि राज्यांचे स्वतःचे नियम असतात. आपल्या खात्याचा आजचा नियम वाचून ठेवा.

भीतीचाही विचार करा. गणवेश दिसला की अनेकांना ‘ला मिग्रा’, म्हणजे इमिग्रेशनवाले, आठवतात. ‘मी इमिग्रेशनचा नाही’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये यायला हवं, पण त्यापुढे आश्वासन देऊ नका. स्थानिक पोलिसांनी इमिग्रेशनवाल्यांना किती साथ द्यावी याबाबतचे कॅलिफोर्निया आणि टेक्सासचे 2017 चे कायदे एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत, आणि काही स्थानिक खात्यांचे संघीय यंत्रणेशी करार असतात. जे पाळता येणार नाही ते दुसऱ्याच्या भाषेत बोललात तर त्या वस्तीतून पुढे कुणी फोन करणार नाही.

सरावाचं म्हणाल तर रोज वीस मिनिटं उनिव्हिसिओन किंवा तेलेमुंदोच्या स्थानिक बातम्या ऐका. अपघात, चोऱ्या, आगी, पत्ते, वेळा, तुम्हाला लागणारा सगळा शब्दसंग्रह त्यांत असतो. भाषा शिकवणाऱ्या अॅपवरचा हिरवा पक्षी खूश करण्यात वर्ष घालवू नका. टाकेरियात जेवायला जा आणि ऑर्डर स्पॅनिशमध्ये द्या. खात्यातल्या स्पॅनिश भाषक सहकाऱ्याला तुमची हुकमांची वाक्यं ऐकवा आणि हसू द्या त्याला. अडवलेल्या माणसावर मात्र सराव करायचा नाही. सीमा गस्तदलाची न्यू मेक्सिकोत आर्टेशियाला अकादमी आहे, तिथे स्पॅनिश न येणाऱ्या प्रशिक्षणार्थींना ती शिकवतातच. बहुतेक स्थानिक खात्यांत ती जबाबदारी तुमची तुमच्यावर असते.

अनेक खाती द्वैभाषिक भत्ता देतात, पण तोंडी परीक्षा घेऊनच, आणि तो घेतला की तुम्हाला दुभाषी म्हणून कधीही बोलावलं जाऊ शकतं. तेव्हा अर्ज करण्याआधी खात्याला तीन गोष्टी विचारा: परीक्षा कोणत्या पातळीची आहे, पास झाल्यावर चौकशी करायचा अधिकार मिळतो की फक्त प्राथमिक बोलण्याचा, आणि रात्रपाळीत दुभाषी सेवा कोणत्या नंबरवर मिळते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोनमध्ये साठवून ठेवा.